फाटकापर्यंतचं शहर

खिएमला जाग आली ती वास न आल्यामुळे. एकतीस वर्षं लुआ पहाटे गल्लीच्या तोंडाशी शेगडी पेटवत आली होती. गवती चहा, लसूण आणि मध चोळून ठेवलेले डुकराच्या मांसाचे काप ती निखाऱ्यावर टाकायची, आणि तो धूर दोन घरांमधल्या हातभर रुंद बोळातून वाट काढत, जिना चढून, मच्छरदाणीच्या आत येऊन त्याला उठवायचा. घड्याळ घरात होतं, पण ते भिंतीसाठी. आज उजेड नेहमीसारखा पत्र्याच्या फटीतून आला होता, समोरच्यांचा कोंबडा ओरडून थकला होता, शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या संपल्या होत्या, आणि नाकात काहीच नव्हतं. तो उठून बसला. उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून हळूच सरळ केला. आपलं नाक तर गेलं नाही, असं त्याला वाटलं. लगेच मागोमाग दुसरं काहीतरी मनात आलं, जे परवापासून तिथं दबा धरून बसलं होतं, आणि तो कठड्याला धरून, एकाही पायरीवर न थांबता खाली उतरला.

लुआ दारात लाल प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. शेगडी थंड, टेबलं एकावर एक रचलेली. तेतच्या सणाला शिवलेला जांभळ्या फुलांचा विजार-सदऱ्याचा जोड तिने अंगात घातला होता, आणि डोक्यावर हेल्मेट, त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट ओढलेला.

"किती झोपता," ती म्हणाली. "गिऱ्हाईक ताटकळलंय."

"कुठलं गिऱ्हाईक?"

"मी. मला शहर दाखवा. पूर्ण दिवस हवाय. पोस्ट, राजवाडा, आणि मग समुद्र."

"आणि भात?"

"आज दुसऱ्या कुणाचा तरी खाऊ. आपला कसा असतो ते तरी कळेल."

तो तोंड धुवायला गेला आणि पाण्याचा मग हातात धरून तसाच उभा राहिला. शहर दाखवा, हे शब्द कुठून आले ते त्याला माहीत होतं. आठवड्यापूर्वी दोन उंच गोऱ्या बाया गल्लीत शिरल्या होत्या आणि गुडघे हनुवटीशी घेऊन त्या बुटक्या स्टुलांवर बसून कणीचा भात खात होत्या. त्यांतल्या एकीने फोन लुआच्या तोंडासमोर धरला, आणि फोनमधली बाई हनोईच्या वळणाने, बातम्या द्याव्यात तशी म्हणाली, या शहरात पाहण्यासारखं तुम्हाला सगळ्यात काय आवडतं? लुआच्या हातात चिमटा होता. चिमट्यातून चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला, चर्र झालं, तरी ती काही बोलेना. मग तिने चिमट्यानेच त्याच्याकडे खूण केली. यांना विचारा, हे पस्तीस वर्षं मोटरसायकलवर माणसं पोचवतात. आणि खिएमने ऐटीत सांगितलं होतं, की राजवाड्याला डाव्या फाटकाने जा, तिथल्या चिंचेखाली दहापर्यंत सावली असते. मोठ्या पोस्टापाशी गाडी लावायची तर पुस्तकांच्या गल्लीच्या बाजूला, तिथं पोलीस हटकत नाही. प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या भिंतीला नळ आहे, पाणी गार. फोनने ते सगळं त्या बाईला सांगितलं आणि ती भल्या मनाने वहीत उतरवून घेऊ लागली. गल्लीतले लोक हसले, लुआही हसली. मग भांडी घासता घासता तिने विचारलं होतं, "आत काय आहे हो?" "कशाच्या आत?" "कशाच्याही." त्याने हजार वेळा माणसं नेऊन सोडली, हजार वेळा बाहेर उभं राहून त्यांची वाट पाहिली. सगळं शहर त्याला फाटकापर्यंत पाठ होतं.

पण एवढ्यासाठी ती शेगडी बंद ठेवणारी बाई नव्हती. आई गेली तेव्हा तिने चौथ्या सकाळी निखारे पेटवले होते, आणि मुलगी दिएप झाली तेव्हा दुपारची गिऱ्हाइकं उरकून ती इस्पितळात गेली होती. म्हणून त्याला तो कागद आठवत होता. परवा दुपारी तो बुद्धिबळाच्या पटावरून जरा लवकर घरी आला, तर लुआने हातातला कागद झटकन घडी करून तांदळाच्या डब्याखाली सरकवला. घडी होताना लाल गोल शिक्का दिसला, आणि शिक्क्यात इस्पितळ हा शब्द. नंतर डबा उचलून पाहिला तर कागद नव्हता. आणि त्याला बिन्ह आठवत होता, नाक्यावर शेजारी गाडी लावणारा, पंचवीस वर्षांचा सोबती. बिन्हची बायको एके दिवशी म्हणाली होती, मला वुंग ताऊचा समुद्र दाखवा. गेले, फोटो काढले, खेकडे खाल्ले. सहा आठवड्यांनी ती गेली. तिला माहीत होतं रे, बिन्ह नाक्यावर बसून म्हणायचा, तिला माहीत होतं आणि मी खेकडे फोडत होतो. मग त्याने गाडी विकली आणि गावी निघून गेला.

मगातलं पाणी खिएमने तोंडावर मारलं. आरशात पाहून चेहरा नीट केला. तिला जर सांगायचं नसेल तर आपल्याला दिसलंय हे तिला दिसता कामा नये, असं त्याने ठरवलं, आणि गाडी बाहेर काढली.

मोठ्या पोस्टासमोर त्याने गाडी नेहमीच्या जागी लावली आणि सवयीने तिच्याशेजारी उकिडवा बसायला लागला. लुआने त्याचा दंड धरला. "उठा. आज आत." आत पाऊल टाकल्यावर दोघंही थोडा वेळ दारातच थबकली आणि मागून येणारे लोक त्यांना वळसा घालून जाऊ लागले. छत केवढं तरी उंच, कमानीचं, बोटीचं पोट उलटं करून ठेवल्यासारखं. पायाखाली नक्षीची गुळगुळीत फरशी. बाहेरच्या उन्हात तो इतकी वर्षं बसला होता आणि भिंतीच्या पलीकडे, चार पावलांवर, इतका गारवा होता. त्याला थोडा रागच आला, कुणावर ते कळेना. लुआ मात्र लाकडी बाकावर टेकून, पाय हलवत सगळं बघत होती. फोनच्या जुन्या लाकडी खोल्यांपैकी एकीत ती जाऊन उभी राहिली, काचेतून त्याला हात केला. मग तिने एक चित्राचं कार्ड घेतलं, बाकावर बसून दिएपला लिहायला लागली. दिएप कान थो शहरात राहते, रोज फोन करते. तिला कार्ड कशाला, असं तो विचारणार होता, पण त्याने खांद्यावरून वाकून वाचलं. आम्ही पोस्टात आलोय. छान आहे. बाबांकडे लक्ष ठेव.

बाबांकडे लक्ष ठेव. हे तीन शब्द त्याने पुन्हा वाचले. ती तिकीट जिभेला लावत होती, तिची जीभ कॉफीने तपकिरी झालेली, केसांच्या मुळाशी हेल्मेटने घाम आलेला, आणि ती इतकी खुशीत होती की त्याला तिच्याकडे बघवेना. माणूस असा खुशीत कधी असतो, असं तो स्वतःला विचारत राहिला. त्याने तिला शेवटचं असं कधी पाहिलं होतं ते आठवून पाहिलं, तर आठवायला फार मागे जावं लागलं, आणि तिथं पोचल्यावर ते चित्रही धुरातलंच निघालं.

राजवाड्यात तो चिंचेच्या सावलीकडे न बघता फाटकातून आत गेला. पहारेकऱ्याने त्याला ओळखलं. "काय काका, आज गाडी कुणी राखायची?" "आज तू राख," खिएम म्हणाला. आतली दालनं, गालिचे, लांबलचक टेबलं लुआ भराभर ओलांडत होती. एवढ्या खुर्च्या पुसायला किती माणसं लागत असतील, एवढंच ती म्हणाली. पण तळघरातल्या स्वयंपाकघरात पोचल्यावर ती जी थांबली ती हलेना. पोलादाची प्रचंड भांडी, मोठमोठ्या चुली, माणूस झोपेल एवढा ओटा. दोरीच्या अलीकडून वाकवाकून ती धूर जायची वाट शोधत होती.

"बघा, भांडी केवढी चांगली. पण खिडकी कुठाय? इथं जो कुणी उभा राहत असेल त्याचे डोळे गेले असतील."

"मोठ्या लोकांचा स्वयंपाक," तो म्हणाला.

"चूल ती चूल. माझ्या जागेला निदान आभाळ आहे."

शेजारून चाललेल्या, कुठल्या तरी शाळेच्या निवृत्त मास्तरीणबाई हसल्या आणि दोघी बोलायला लागल्या, मांस मुरवताना मध आधी की मीठ आधी. खिएम बाजूला उभा राहून ऐकत होता. माझ्या जागेला आभाळ आहे. ती आहे म्हणाली, होतं नाही म्हणाली, याचा त्याने आधार घेतला. मग गच्चीवर गेल्यावर तो आधारही सुटला. वरून समोरचा रुंद रस्ता सरळ झाडांमध्ये जात होता, हिरवळ, कारंजं, फाटक, आणि फाटकाबाहेर चिंच. चिंचेखाली कुणी एक चालक गाडीच्या सीटवर उताणा, पाय हँडलवर टाकून झोपला होता. तोंडावर टोपी. इतका लहान दिसत होता की अंगठ्याने झाकला गेला असता. हा मीच, असं खिएमला वाटलं. गिऱ्हाईक वर गेलंय, येईल खाली, मी आहे इथं. आणि गिऱ्हाईक आलंच नाही तर हा कधीपर्यंत झोपून राहणार, कुणाला विचारणार? त्याने गच्चीचा कठडा धरला. लुआ त्याचा फोटो काढत होती. "हसा की. राजवाड्याच्या माथ्यावर उभे आहात." तो हसला. फोटोत, नंतर पाहिलं तेव्हा, तो दाढ दुखणाऱ्या माणसासारखा दिसत होता आणि लुआला त्याचं हसू फुटलं.

दुपारचा भात त्यांनी दक्षिणेच्या रस्त्यावर एका अनोळखी टपरीत खाल्ला. लुआने मांस दातांनी तोडलं, डोळे मिटून चावलं, आणि जाहीर केलं की भातावर ओतायच्या मासळीच्या पाण्यात साखर जास्त आहे. मग तिने अजून एक ताट मागवलं. मरणाऱ्या माणसाला इतकी भूक लागते का? बिन्हच्या बायकोनेही खेकडे खाल्ले होते. तो गाडी चालवत होता, न्हा बेची वस्ती मागे पडली, मोठाले कंटेनर शेजारून घरघरत जात होते, नारळी आणि पाणथळीतली निपाची झाडं सुरू झाली, सिग्नलला थांबताना गुडघ्यात कळ येत होती, आणि त्याच्या पाठीशी ती, आयुष्यात पहिल्यांदा शाळा बुडवलेल्या मुलीसारखी, पाट्या मोठ्याने वाचत होती.

बिन्ह खान्ह धक्क्यावरची फेरीबोट लागली तेव्हा ते शेकडो मोटरसायकलींच्या लोंढ्याबरोबर आत ढकलले गेले. कुणी गाडीवरून उतरत नव्हतं. लॉटरीवाल्या बाया हँडलांमधून वाट काढत होत्या. बोट धक्क्यावरून सुटली, तपकिरी पाणी, पाण्यावर तरंगणारी जलपर्णीची बेटं. इंजिनाच्या धडधडीत त्याचं ठरवलेलं सगळं सैल झालं. त्याने मान न वळवता विचारलं, "तो कागद कसला होता?"

"कुठला?"

"तांदळाच्या डब्याखालचा. इस्पितळाचा."

त्याने पाण्याकडे बघत मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे मोजले. मग गाडी हलायला लागली, म्हणून त्याने वळून पाहिलं. लुआ हसत होती. तोंडावर हात दाबून, हेल्मेट पुढं ओघळेपर्यंत, खांदे हलेपर्यंत हसत होती. "म्हणून सकाळपासून तोंड असं," ती कशीबशी म्हणाली. "मला वाटलं दुकान बंद ठेवलं म्हणून रागावलात." तिने पिशवीतून घडी काढली आणि त्याच्या हातात दिली.

त्याने चष्मा लावला. डोळे, दोन्ही, ठीक. कान, दोन्ही, ठीक. हात-पाय शाबूत. उंची एक मीटर एकोणपन्नास. त्याखाली डॉक्टरची सही, लाल शिक्का, आणि एक ओळ जी त्याने तीनदा वाचली. मोटरसायकल चालवण्यास योग्य.

"परवान्याचा अर्ज केलाय," ती म्हणाली. "त्याला लागतो हा. पुढच्या गुरुवारी परीक्षा. आठचा आकडा काढावा लागतो, पाय न टेकता."

"तू?"

"मी."

"शिकवलं कुणी?"

"सहाव्या ताईनं." भावंडांत सहावी म्हणून सगळी गल्ली त्या मासळीवालीला सहावी ताई म्हणते. "तिच्या गाडीवर, देवळाच्या मागच्या अंगणात. दोन महिने झाले. तुम्ही दुपारी पटावर असता तेव्हा."

"गल्लीत माहीत आहे?"

"सगळ्यांना. क्वॉय मास्तरांना तर मीच सांगितलं होतं, यांना चारपर्यंत उठू देऊ नका म्हणून."

खिएमच्या डोक्यात आधी एवढंच आलं की गेले दोन महिने तो क्वॉय मास्तरांना सलग हरवत होता. चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, आणि रोज एक डाव आणखी, एक डाव आणखी म्हणायचा. "मग ते हरत होते ते..." तो म्हणाला. लुआने दुसरीकडे बघितलं, फार दयाळूपणे. त्याला राग आला, चांगला सणसणीत राग. बोटीवरचे सगळे लोक आपल्याकडे बघून हसतायत असं वाटलं, आणि त्याच वेळी छातीवर परवापासून ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून पाण्यात टाकल्यासारखं झालं. रागाला धरून ठेवायला आतमध्ये काही उरेना. ती मरणार नव्हती. दोन्ही डोळे ठीक होते, दोन्ही कान. त्याने कागद नीट घडी करून परत दिला, आणि हँडल पकडलं.

"मला का नाही सांगितलंस? मी शिकवलं असतं."

"शिकवलं होतंत की एकदा."

हे तिने साधेपणाने, आठवण करून द्यावी तसं म्हटलं. आणि त्याला आठवलं. लग्नाचं पहिलं वर्ष, गोदीमागचं मैदान, नवी होंडा, जिच्यावर तो रोज सकाळी कापड फिरवायचा. ती पडली होती. गाडी तिच्या पायावर होती आणि त्याने धावत जाऊन आधी गाडी उचलली होती. मडगार्डला पोचा आला होता. तो पोच्यावरून अंगठा फिरवत बडबडत राहिला, आणि ती मातीत बसून गुडघ्यातले खडे काढत होती. पुन्हा शिकायचं तिने कधी म्हटलं नाही, आणि त्यालाही ते सोयीचं वाटलं होतं. इतक्या वर्षांत त्याला ते मैदान कधी आठवलं नव्हतं. तिला आठवत होतं. पाण्यावरचा वारा अंगावर येत होता. चुकलं म्हणायला त्याची जीभ कधी वळली नव्हती.

"लागलं होतं ना फार," तो शेवटी म्हणाला.

"लागलं होतं."

"मी गाडी उचलली."

"हो." थोड्या वेळाने ती म्हणाली, "नवीन होती."

पलीकडचा धक्का जवळ येत होता. लोक गाड्या चालू करायला लागले. लुआ त्याच्या कानाशी झुकली. "तुमचा गुडघा गेलाय. सिग्नलला गाडी तोलताना पाय लटपटतो, मला मागे कळतं. दिएपलाही सांगून ठेवलंय. पण खरं सांगू, मी त्यासाठी नाही शिकले. त्या बाईनं विचारलं आणि मला एक जागा सांगता आली नाही. शिकत होतेच, पण त्या दिवशी वाटलं, आता परीक्षेत नापास व्हायचं नाही. छप्पन्न वर्षं झाली. मला जायचंय. तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तर घरी भात झाकून ठेवीन."

बोटीतून उतरल्यावर रुंद, सरळ, रिकामा रस्ता खारफुटीच्या जंगलातून जात होता. दोन्ही बाजूंना चिखलात उभी मुळं, मध्येच पूल, पुलाखाली संथ ओहोळ. तो बराच वेळ चालवत राहिला. मग मिठागरांकडे जाणारा फाटा आला, आत मातीचा बांध होता, माणूस ना वाहन. त्याने गाडी आत घातली, थांबवली, इंजिन बंद केलं. गुडघा सांभाळत उतरला. मग किल्ली तिच्यापुढे धरली.

"परवाना नाही अजून," ती म्हणाली.

"इथं पोलीस नाही. बांधावर चालव. मी बघतो."

"उभं राहून नाही. मागे बसा."

तो मागे बसला. आणि हात कुठं ठेवायचे ते त्याला कळेना. मांडीवर ठेवले, मग सीटच्या कडेला, मग तिने स्वतःच ते ओढून आपल्या कमरेशी लावले. गाडी सुरू झाली, एक झटका, दुसरा झटका, मग धावायला लागली. "क्लच," तो म्हणाला. "गिअर बदल. खड्डा, पुढं खड्डा. डावीकडून घे. ब्रेक." तिने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. तिने पाय टेकले आणि मागे न बघता विचारलं, "पस्तीस वर्षांत इतकं बोलणारं गिऱ्हाईक कधी भेटलं होतं?"

"एक भेटलं होतं. सरकारी कारकून होता कुठला तरी."

"त्याला काय केलंत?"

"उतरवून दिलं."

"मग?"

खिएमने तोंड मिटलं. गाडी पुन्हा निघाली. तिने खड्डा उजवीकडून घेतला, तो घेतला नसता तसा, आणि गाडी नीट बाहेर आली. त्याचे पाय अजून आपोआप ब्रेक दाबत होते, हवेतच. मग तेही थांबले. पुढं बघायचं काम त्याचं राहिलं नव्हतं. समोर जांभळ्या फुलांची पाठ होती, तिच्यापलीकडचं काही दिसत नव्हतं, म्हणून त्याने मान बाजूला वळवली. मिठागरं पसरली होती, चौकोनामागून चौकोन, पाण्यात आभाळ, कडेला मिठाचे पांढरे ढीग, एका ओळीत, दूरपर्यंत, आणि ते सावकाश मागे सरकत होते. सरकतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तोंडाला फडकी गुंडाळलेल्या तीन बाया लांब दांड्यांनी मीठ ओढत होत्या. त्यांतली एक गाडीच्या आवाजाने थांबली, पुढं बाई आणि मागे म्हातारा बघून तिने दुसरीला कोपर मारलं, आणि मग तिघींनी हात हलवले.

चालत्या गाडीवर खिएमचे दोन्ही हात आजवर कधी रिकामे नव्हते. त्याने ते लुआच्या कमरेवरून काढले आणि डोक्यावर नेऊन दोन्ही हलवले. गाडी जरा डळमळली. लुआ ओरडली, "नीट बसा," आणि वेग वाढवला.